ताटातला मसाला आणि न लिहिलेलं माप



आज आपल्या ताटाचा इतिहास बघू. ताट वाढताना डावी-उजवी आपण सगळ्या पाळतो. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधे भात, पोळी नाहीतर भाकरी. सणावाराला कोथिंबिरीच्या वड्या किंवा अळूवड्या. यातल्या जवळजवळ प्रत्येक जिनसात ओला किंवा सुका मसाला असतो, आणि प्रत्येक मसाल्याचं आपलं एक माहेर असतं.

डावीकडची हिरवी चटणी घ्या. तिच्यातली मिरची आपल्याला इतकी आपली वाटते, पण तिचं माहेर मेक्सिकोकडचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. १५१० साली गोवा त्यांच्या हाती गेला होता. अबुल फझलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त, म्हणजे १५९० च्या सुमाराला, बादशहाच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांची मापं दिली आहेत. त्यांत मिरे आहेत, आलं आहे, मिरची दिसत नाही. तोवर तिखटपणा यायचा तो मिरे, पिंपळी आणि आल्यातून. ‘मिरची’ हे नावही मिऱ्यावरूनच पडलं.

आता आमटीकडे या. गोड्या मसाल्यातली लवंग इंडोनेशियाच्या मलुकू बेटांवरची. हिंग इराण-अफगाणिस्तानातला. दालचिनी श्रीलंकेची. तमालपत्र हिमालयाच्या पायथ्याचं. दगडफूल हे तर फूलच नाही, खडकावर आणि झाडाच्या सालीवर वाढणारं ते लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी. आमटीतली चिंच फार जुन्या काळी आफ्रिकेतून आली. मग यातलं आपलं काय? आपलं आहे ते माप आणि हात. धणे किती, खोबरं किती काळं करायचं, तीळ कधी उतरवायचे, हे आपल्या बायकांनी ठरवलं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण धण्याला लागतो तितका वेळ जिऱ्याला दिला तर जिरं करपतं. हळद फोडणीत घालायची, कारण तिचा रंग तेलात सुटतो. कढीपत्ता गरम तेलात आणि कोथिंबीर शेवटी, कारण कोथिंबिरीचा वास उकळीत उडून जातो. देठ मात्र वाटणात घालायचे, ते टाकायचे नाहीत. हे सगळं शास्त्रच आहे. फक्त त्याला कुणी शास्त्र म्हटलं नाही.

हे लिहिलं कुणी? आपल्या मराठवाड्याला लागूनच, बिदर जिल्ह्यात, बसवकल्याण आहे. हीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या सोमेश्वर तिसरा या राजाच्या नावावर ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, ११२९ च्या सुमाराचा. त्यात राजाच्या भोजनाचा मोठा भाग आहे. वडे आहेत, मांडे आहेत, मांसाचे प्रकार आहेत. हिंग, जिरे, मिरे, आलं, सैंधव कशात घालायचं तेही आहे. त्याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, असं तो सांगतो.

मैत्रिणींनो, इथे आम्ही थबकतो. राजाच्या ताटातलं लिहिलं गेलं. आपल्या पणज्यांच्या पणज्या कांडताना गातात, हेही लिहिलं गेलं. पण त्या घरी काय रांधत होत्या, कोणत्या मापाने, ते कुणी त्यांना विचारलं नाही.

बाईच्या हाताचं माप बाईनेच कागदावर आणायला फार काळ जावा लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र’ लिहिलं, त्यात हजार पाकक्रिया होत्या. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं. शाळेचं शिक्षण थोडंच झालेल्या या बाईंनी ‘अंदाजाने घाला’ न म्हणता वाटी-चमच्याचं माप दिलं. लग्न होऊन परगावी, परदेशी गेलेल्या कितीतरी मुली त्या पुस्तकावर स्वयंपाक शिकल्या.

लिहिण्याने काय होतं, ते हळदीच्या गोष्टीत दिसतं. १९९५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्याकडे पोराचं ढोपर फुटलं की आधी हळद दाबतात, हे कुणाला ठाऊक नाही? पण ‘ठाऊक आहे’ हा पुरावा होत नाही. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, पेटंटला आव्हान दिलं. जुने ग्रंथ आणि छापलेले लेख पुढे ठेवले. १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. आजीबाईचा बटवा खरा ठरला, पण कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून.

आता आपल्या गटांकडे वळू. उन्हाळा आला की आपण मसाला करतो, पिशव्या भरतो, विकतो. लग्नसराईत येसराची मागणी असते. हे येसर, हा काळा मसाला गावातल्या दोन-चार म्हाताऱ्या बायकांच्या हातात आहे. ‘मूठभर घे, वास आला की उतरव,’ असं त्या सांगतात. पण मूठ कुणाची, आणि वास कसला? त्या हयात आहेत तोवरच हे विचारता येईल. आमच्या भागातली अशी एक आजी गेली, आणि तिच्या येसराची चव पुन्हा कुणाला जमली नाही.

म्हणून आम्ही गटांच्या बैठकीत ठरवलंय, बचतीच्या वहीशेजारी मसाल्याची एक वही ठेवायची. आजीची मूठ आधी वाटीत ओतायची, मग ग्रॅमवर मोजायची. भाजण्याचा क्रम लिहायचा. ओलं खोबरं की सुकं, मिरची कोणती, तेल किती, हे लिहायचं. आणि सगळ्यात वर लिहायचं आजीचं नाव, तिचं माहेर, तिला कुणी शिकवलं, आणि साल. जिला लिहिता येत नाही तिने सांगावं, सुनेने नाहीतर नातीने लिहावं. वही गटाची, पण माप जिचं तिच्या नावावर. तिला विचारल्याशिवाय ते बाहेर द्यायचं नाही.

मिरचीला चारशे-पाचशे वर्षांत आपण इतकं आपलंसं केलं की तिचं माहेर विसरलो. आपल्या म्हाताऱ्यांची नावं मात्र विसरायला नकोत. या आठवड्यात एका आजीकडे वही घेऊन जा. पहिलं पान तिचं.