कुणाचे तुम्ही?

सांभाळून! पायाखाली कोबीची सडकी पानं आहेत. 1475 च्या आसपासचं फ्लॉरेन्स, आणि तुम्ही उभे आहात मेर्कातो वेक्कियोत, म्हणजे जुन्या बाजारात. ऊन डोक्यावर आलंय. मासळी, चीज आणि ताजं कापलेलं मांस यांचा वास एकदमच नाकात शिरतो. कोंबड्यांचा कलकलाट, विक्रेत्यांच्या आरोळ्या, मागून गाढवाची ढुशी. उंच खांबावर दोनातेल्लोनं घडवलेली समृद्धीची देवता उभी आहे, पण मान वर करायची फुरसत कुणाला?

तुमचा दंड धरून गर्दीतून ओढत नेणारा गडी आर्नो नदीकाठचा रंगारी आहे. हात कोपरापर्यंत निळे, अंगाला पिंपातल्या रंगाचा आंबूस दर्प. चौघांच्या घोळक्यापुढे तो तुम्हाला उभं करतो. बोलणी थांबतात. आठ डोळे तुमच्या कपड्यांवरून जोड्यांवर उतरतात.

घाई करू नका, त्याला बोलू द्या. ‘क्वेस्तो ए...’, म्हणजे ‘हा आहे...’ आणि पुढे तुमचं नाव. लगेच ‘दि’ लावून वडिलांचं, मग ‘दा’ लावून गावाचं. वेरोक्कियो या कलावंताच्या चित्रशाळेतला तो तरुणसुद्धा ‘लिओनार्दो दि सेर पिएरो दा विंची’ असाच ओळखला जातो. आपल्याकडे पारावरची म्हातारी माणसं ‘कुणाचा रे तू?’ विचारतात ना, अगदी तस्संच.

आता समोरच्यांकडे बघा. लांब तांबड्या झग्यातले कायदेपंडित आहेत, त्यांना ‘मेस्सेर’ म्हणा. बोटांना शाई लागलेले दस्तऐवज लिहिणारे नोटरी, ते ‘सेर’. औषधं देणारे वैद्य ‘माएस्त्रो’. टोपलीतले कांदे दाबून बघणाऱ्या बाई ‘मोन्ना’. टोपी काढा, मान लववा.

रंगाऱ्यानं अजून तुमचा दंड सोडलेला नाही. या बाजारात बराचसा व्यवहार उधारीवर चालतो आणि अनोळखी माणसाला उधार कोण देणार? तुमचं नाव घेताना त्यानं स्वतःची पत पणाला लावलीय. नोटरी हसतात, बाजूला सरकून जागा करून देतात. झालात तुम्ही त्यांच्यातले.

आजच्या इटलीत कुणी ‘ती प्रेझेंतो...’ म्हणत तुम्हाला आपल्या माणसांपुढे उभं केलं, तर ‘प्याचेरे’ म्हणून हात पुढे करा आणि ओळख करून देणाऱ्याचा शब्द राखा.