करवलीची वेणी (पनवेल परिसर)

लग्नात नवरा किंवा नवरी यांच्या पाठीशी हातात करा घेऊन उभ्या राहणाऱ्या बहिणीची, म्हणजेच करवलीची, गुंफलेली केशरचना. करा हा पाण्याने भरलेला लहान कलश असतो. त्यात आंब्याची पाने आणि वर नारळ ठेवतात. काही घरांत करवलीच्या हातात दिवाही देतात. करवली नवरीकडची असते तशी नवऱ्याकडचीही असते. सख्खी बहीण नसेल तर चुलत, मामे किंवा आते बहीण हा मान घेते. रायगड जिल्ह्यातील पनवेल शहर, त्याच्या आसपासची आगरी, कराडी व कोळी गावे आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहती मिळून जो लग्नाचा परिसर तयार होतो, त्यात गेल्या काही वर्षांत करवल्या तिघी-चौघी असू लागल्या आहेत. त्यांची केशरचना हा लग्नाच्या तयारीतील स्वतंत्र विषय झाला आहे.

एकसारख्या पोशाखातील मैत्रिणींचा घोळका ही पाश्चात्त्य लग्नातील पद्धत. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या १८४० मधील लग्नात अशा बारा जणी पांढऱ्या वेशात होत्या. त्या पद्धतीचा प्रभाव आज पनवेलच्या लग्नांतही दिसतो : एका रंगाच्या साड्या, एका घाटाच्या वेण्या. पण करवलीचे मूळ काम वेगळे आहे. ती विधीत भाग घेते. मंगलाष्टके चालू असताना तिचे हात गुंतलेले असतात, तिला जागा सोडता येत नाही आणि घसरलेली बट मागे सारायलाही हात मोकळा नसतो. तिची वेणी निवडताना हा मुद्दा सर्वांत आधी यायला हवा. फोटो दाखवून ‘अशीच करा’ असे पार्लरमध्ये सांगितले जाते, तेव्हा नेमका हाच मुद्दा सुटतो.

परंपरा. महाराष्ट्रात मुलींची वेणी आणि मोठ्या बायकांचा अंबाडा किंवा खोपा अशी ढोबळ विभागणी दीर्घकाळ होती. आगरी आणि कोळी बायका अंबाड्यावर फुलांची वेणी माळतात, सणासमारंभाला सोन्याचे फूल खोवतात. लग्नाच्या वयाची मुलगी मात्र पाठीवर वेणी सोडत असे. करवली बहुतेक वेळा नवरीची किंवा नवऱ्याची धाकटी बहीण, म्हणून वेणी ही तिचीच केशरचना ठरली. केस आखूड किंवा विरळ असले की गंगावन घालून वेणी लांबवत आणि टोकाला गोंडे बांधत. डोक्यावर मूद, राखडी, केवडा आणि वेणीवर नाग असे दागिने सधन घरांत असत. जुन्या केशरचना पाहायच्या असतील तर चित्रकार म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांची चित्रे उपयोगी पडतात. ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘वीमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी त्यांनी निरनिराळ्या समाजांतील स्त्रिया रंगवल्या, आणि साडीच्या ठेवणीइतकेच लक्ष केसांच्या ठेवणीकडेही दिले.

केस आणि फुले यांच्याशी सौभाग्याची कल्पना जोडली गेल्यामुळे करवलीचा मान सगळ्या बहिणींना मिळत नव्हता. विधवा बहिणीला तो नाकारला जाई, तिच्या केसांत फूल चालत नसे, आणि काही जातींत तर केसच ठेवू दिले जात नसत. १८९० मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी समाजाने विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला, ही या विषयाच्या इतिहासातील मोठी घटना आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही याचे अनुकरण करावे, असे परिपत्रक काढले. करवल्यांची यादी करताना कोणत्या बहिणीचे नाव गाळले जाते आहे, हे घरच्यांनी पाहावे. ती वगळली गेली तर सर्वांच्या डोक्यावरच्या एकसारख्या गजऱ्यांना फारसा अर्थ उरत नाही.

हवामान. पनवेल खाडीलगतचे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि एप्रिल-मे महिन्यांत लग्नांची गर्दी होते. त्या दिवसांत हवा उष्ण आणि दमट असते. केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. गरम यंत्राने केस कुरळे किंवा सरळ केले जातात तेव्हा त्यातील हायड्रोजन बंध तुटून नव्या जागी जुळतात. हवेतील ओलावा आणि घाम हेच बंध पुन्हा सोडवतात. म्हणून दुपारी पार्लरमध्ये पाडलेल्या बटा गोरज मुहूर्तापर्यंत उतरतात, सरळ केलेले केस फुगतात. वेणी अशा बंधांवर अवलंबून नसते. पेडात पेड अडकवून ती उभी राहते, आणि दमट हवेने केस थोडे फुगले तर पकड घट्टच होते. कोकणपट्टीच्या उन्हाळ्यात मोकळ्या केसांपेक्षा वेणी बरी, ही आजीची शिकवण रसायनशास्त्राच्या कसोटीवरही खरी उतरते. एसी सभागृहात मोकळे केस निभावतात. मांडव उघड्यावर असेल, गावच्या मैदानात किंवा घरासमोर असेल, तर वेणीच घालावी.

विधीतील अडचणी. मंगलाष्टकांच्या वेळी वधू-वर अंतरपाटाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे असतात आणि करवल्या त्यांच्या मागे. पाहुण्यांना आणि कॅमेऱ्याला करवलीची बाजू आणि पाठ दिसते, त्यामुळे कपाळावरच्या बटांपेक्षा कानामागची आणि मानेवरची सफाई महत्त्वाची. अक्षता चारही बाजूंनी पडतात. सैल ओढून फुगवलेल्या, ज्याला पार्लरमध्ये मेसी ब्रेड म्हणतात त्या वेणीत तांदळाचे दाणे रुततात आणि रात्रीपर्यंत निघत नाहीत. कुंकू लावलेल्या अक्षतांचा रंग घामाने मानेवर उतरतो. वरचा भाग घट्ट आणि खालचा भाग थोडा मोकळा ठेवला तर सफाई आणि फुगीरपणा दोन्ही साधते.

हातात दिवा असेल तर आणखी काळजी घ्यावी लागते. हेअरस्प्रे ज्वलनशील असतो. तो मारून वाळेपर्यंत दिव्याजवळ जाऊ नये. अशा वेळी खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी टाळावी, कारण वाकून दिवा ठेवताना तिचे टोक थेट ज्योतीवर येते. ही वेणी छायाचित्रात सुंदर दिसते, म्हणून तिला मागणी फार असते. विधी आटोपल्यावर ती पुढे घेता येते, तोवर पाठीवर राहू द्यावी.

प्रकार. साधी तिपेडी वेणी सर्वांना येते आणि लांब, दाट केसांवर तिच्याइतके काहीच शोभत नाही. सागरवेणी टाळूपाशी तीन बारीक बटांनी सुरू होते आणि प्रत्येक वळणाला दोन्ही बाजूंचे केस तिच्यात मिळवत मानेपर्यंत येते. करवलीसाठी ती सर्वांत भरवशाची, कारण लेअर कट केलेल्या केसांची वेगवेगळ्या लांबीची टोकेही तिच्यात धरली जातात. पेड वरून घेण्याऐवजी खालून घेतले की वेणी उठून दिसते. या उलट्या सागरवेणीच्या कडा बोटांनी हलक्या ओढल्या की विरळ केसही भरगच्च भासतात. खजुरी वेणीत केसांचे दोनच भाग असतात. एका भागाच्या बाहेरच्या कडेची बारीक बट उचलून दुसऱ्यात टाकायची, मग दुसऱ्यातली पहिल्यात. बटा जितक्या बारीक तितकी वीण रेखीव आणि वेळही तितकाच जास्त. चौघी करवल्या आणि एकच केशरचनाकार असेल तर सर्वांना खजुरी वेणी घालण्याचा हट्ट धरू नये, शेवटची करवली मुहूर्त चुकवील. आखूड केसांना दोन्ही कानशिलांपासून छोट्या सागरवेण्या घालून मागे एकत्र बांधता येतात आणि त्या जोडावर गजरा आला की लांबी कमी असल्याचे जाणवत नाही.

कुरळे केस आधी सरळ करून मग वेणी घालण्याची सवय चुकीची आहे. कुरळ्या केसांची नैसर्गिक पकड वेणीला धरून ठेवते, आणि सरळ केलेले केस दमट हवेत अर्ध्यावर पुन्हा वळू लागले की वीण वेडीवाकडी होते. याउलट रेशमी केसांतून पेड निसटतात. अशा मुलीने लग्नाच्या आदल्या दिवशी केस धुवावेत, त्याच सकाळी धुऊ नयेत. मुळांशी थोडे क्रिम्पिंग केले तर काळ्या पिना बसतात. पिन केसांत सरळ खुपसून चालत नाही. ती आधी केस उचलून, मग उलट दिशेला वळवून दाबावी लागते, तरच अडकते.

हळद. आगरी आणि कोळी लग्नांत हळदीची रात्र लग्नाइतकीच मोठी असते. धवलारीण धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, मग बँड वाजतो आणि घरच्या पोरीबाळी तासन्‌तास नाचतात. या रात्रीसाठी डोक्याला घट्ट, टोकापर्यंत बांधलेली वेणी किंवा दोन सागरवेण्या हव्यात. हळदीतील कुर्क्युमिन हा रंग ब्लीच केलेल्या आणि हायलाइट केलेल्या केसांना पटकन धरतो आणि मग सोनेरी बटांवर पिवळी झाक राहते. हळदीआधी अशा बटांना खोबरेल तेल चोपडून त्या वेणीच्या आत दडवाव्यात. दुसऱ्या दिवशी तेच तेल केस धुताना त्रास देते, म्हणून ते मुळांना न लावता फक्त रंगवलेल्या भागाला लावावे.

पोशाखाशी मेळ. नऊवारीला अंबाडा किंवा खोपा हीच प्रचलित जोड आहे, पण करवलीने नऊवारीवर लांब तिपेडी वेणी आणि तिच्या मुळाशी अर्धचंद्राकार गजरा घातला तर ती नवरीपासून वेगळी ओळखू येते. पैठणीचा पदर भरजरी असतो आणि पाठीवर रुळणारी वेणी त्यावरचे मोर झाकते, तेव्हा वेणी वळवून मानेवर खाली गुंडाळावी. वरातीत बायकांनी फेटा बांधण्याची पद्धत आता सर्वत्र दिसते. फेटा बांधायचा असेल तर टाळूवर फुगवटा, डोनट किंवा उंच अंबाडा ठेवू नये. मानेजवळून सुरू होणारी वेणी फेट्याखालून व्यवस्थित बाहेर पडते.

फुले. मोगऱ्याचा हंगाम उन्हाळ्याचा, शेवंतीचा थंडीचा. पालघर जिल्ह्यातील जव्हार-विक्रमगड भागातला मोगरा मुंबईत दादरच्या फूल बाजारात येतो. मोगरा कळीच्या अवस्थेत माळावा. तो डोक्यावरच उमलतो आणि विधीच्या वेळी त्याचा वास दरवळतो. अबोलीला वास नाही, पण ती उशिरा कोमेजते आणि काळ्या वेणीवर तिचा केशरी रंग लांबूनही दिसतो. मे महिन्याच्या दुपारच्या लग्नाला अबोली अधिक चांगली, असे इथे आवर्जून नोंदवावेसे वाटते. संपूर्ण वेणी फुलांनी मढवण्याची दक्षिणेकडची पद्धत, कर्नाटकातील मोग्गिन जडे किंवा तेलुगू भागातील पूल जडा, आता महाराष्ट्रातही आली आहे. ती वजनदार असते आणि तिचा मान नवरीचा. करवलीने एखाद-दुसरा गजरा माळून थांबावे. कृत्रिम फुले नाचताना टिकतात, मात्र त्यांच्या तारा केसांत गुंततात. ती वेगळ्या यू-पिनांनी बसवावीत.

अनेक करवल्या असतील तेव्हा सर्वांच्या वेण्या तंतोतंत सारख्या करण्याऐवजी एखादी गोष्ट समान ठेवणे चांगले : तोच गजरा, तोच भांग किंवा वेणीची तीच उंची. प्रत्येकीच्या केसांचा पोत वेगळा असतो, आणि एकाच साच्यात बसवले की विरळ केसांची मुलगी उघडी पडते. ट्रायल घ्यायची तर मुहूर्ताच्या वेळेला घ्यावी आणि त्यानंतर त्याच वेणीत दोन-तीन तास घराबाहेर फिरून यावे. पाच-सहा वर्षांची छोटी करवली असेल तर तिला पिना आणि स्प्रे नकोत. दोन वेण्या, रिबिनी आणि हलका गजरा तिला पुरेसा आहे. कानशिलावर ताण दिलेली वेणी लहान मुलीला दुखते आणि ती नेमकी मंगलाष्टकांत रडू लागते.

वेणी सोडवणे. घट्ट वेण्या वारंवार व दीर्घकाळ घातल्यास कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस ओढले जाऊन गळतात. साखरपुडा, हळद, लग्न, वरात असे सलग दिवस घट्ट सागरवेणी घालणाऱ्या करवलीने मधल्या रात्री केस मोकळे ठेवावेत. वेणी रात्री सोडवूनच झोपावे. आधी सगळ्या पिना मोजून काढाव्यात, घालतानाच त्या मोजलेल्या असल्या तर काम सोपे होते. मग टोकाकडून वर बोटांनी पेड सोडवावेत. स्प्रेने कडक झालेल्या केसांत कोरडी फणी घातली तर केस तुटतात, म्हणून आधी थोडे तेल किंवा कंडिशनर लावून गुंता सैल करावा. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, तेव्हा धुतल्यावर रुंद दातांचा कंगवाच वापरावा.