तिसरीच्या पुस्तकातला जिल्हा

जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळा भरतात आणि तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक 'आपल्या अवतीभवती' या पाठावर उघडतं. सजीव-निर्जीव झालं की प्राणी, मग निवारा, मग 'दिशा व नकाशा', आणि पावसाळा ऐन भरात असतानाच 'आपल्या गावाची ओळख'. गावावरून तालुका, तालुक्यावरून जिल्हा. चौथीत राज्य, पुढे देश, मग जग. ही चढण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधीकाळी कुणी तरी ठरवली असेल, असं मनातही येत नाही. वेवजीत मात्र ती दुसऱ्याच पायरीला अडखळते.

वेवजी हे पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातलं, गुजरातच्या हद्दीला टेकलेलं गाव. शेजारचं सोळसुंबा गुजरातच्या उंबरगाव तालुक्यात, वलसाड जिल्ह्यात. इथल्या माणसाला गाडी धरायची तर उंबरगाव रोड स्टेशन, कामाला जायचं तर उंबरगावच्या जीआयडीसीतले कारखाने. आई-बाप रोज जिथे जातात ते ठिकाण तिसरीतल्या पोराच्या नकाशात हद्दीच्या रेघेबाहेर, कोऱ्या जागेत पडतं. आणि तो कधी गेलेला नसतो ती वसई नकाशात ठळक असते, कारण ती 'आपल्या' जिल्ह्यात आहे.

'आधी जवळचं, मग दूरचं' हे तत्त्व तसं परदेशी आणि चांगल्या घरचं. स्वित्झर्लंडमधला शिक्षक पेस्तालोत्सी (१७४६–१८२७) सांगत होता की मुलाला आधी डोळ्यांना दिसणारं, हाताला लागणारं शिकवा. न पाहिलेलं त्यावरून कळेल. पुढे जर्मन शाळांमध्ये आपला मुलूख पायी फिरून ओळखायचा असा एक विषयच उभा राहिला. त्यात हद्द ठरवणारा मास्तर होता आणि मुलांचे पाय होते. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल तेवढं ते जवळ.

आपल्याकडे शाळाखात्याची सुरुवात पुस्तकांपासून झाली. मुंबईत १८२२ साली शाळा आणि शालोपयोगी पुस्तकांसाठी मंडळी स्थापन झाली, एल्फिन्स्टनचा तिला पाठिंबा होता. बाळशास्त्री जांभेकरांनी भूगोलावर लिहिलं, मेजर कँडींनी वाचनपुस्तकांची भाषा तासली. १८५५ मध्ये इलाख्याचं शिक्षणखातं आलं, इयत्ता ठरल्या, तपासायला इन्स्पेक्टर आले. मराठी शाळेच्या भूगोलाला क्रम मिळाला तो असा : आधी जिल्हा, मग इलाखा, मग हिंदुस्थान. दिसायला पेस्तालोत्सीच. पण ही पायऱ्यापायऱ्यांची रचना मुळात महसुलाची. गाव पाटील-तलाठ्याचं, तालुका मामलेदाराचा, जिल्हा कलेक्टरचा. मुलाचं 'जवळ' कुठे संपतं हे त्या दिवसापासून कलेक्टरची हद्द सांगू लागली. माझ्या मते या विषयाचं खरं मूळ इथे आहे, आणि ते आजवर कुणी उपटलेलं नाही.

१८८२ साली दोन कागद तयार झाले. कँपबेलच्या गॅझेटिअरचे ठाणे जिल्ह्याचे खंड त्या वर्षी छापले गेले. पुढच्या कित्येक पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांतली नद्या-डोंगर-पिकांची मांडणी त्यांचीच नक्कल वाटते. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवलं. प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल असावाच, पण सोबत शेतीची प्राथमिक माहिती आणि आरोग्याचे धडेही असावेत, ही त्यांची मागणी. पोराच्या घरी जे चाललंय त्याला शाळेत जागा द्या, असाच तिचा अर्थ. खात्याने जोतीरावांपेक्षा कँपबेल जास्त वाचला.

त्या गॅझेटिअरमधला ठाणे जिल्हा आजच्यापेक्षा उत्तरेला लांब होता. संजाण त्यात होतं. इराणातून आलेले पारशी जिथे उतरले ते हे बंदर. संजाण पडल्यावर पवित्र अग्नी घेऊन ते बहरोटच्या गुहांमध्ये जाऊन राहिले, असं पारशी परंपरा सांगते. तेव्हा संजाण आणि बहरोट दोन्ही एकाच जिल्ह्याच्या भूगोलात बसत होती. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली गावं नावानिशी गुजरातला दिली गेली. इकडे राहिलेल्या भागात तलासरी पुढे आली. संजाण तिकडे गेलं, बहरोट डहाणू तालुक्यात राहिलं. एका गोष्टीची सुरुवात एका राज्याच्या अभ्यासक्रमात गेली, तिचा मधला भाग दुसऱ्याच्या.

पुण्याला १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालं, ज्याला सगळे बालभारती म्हणतात. मग जिल्ह्याजिल्ह्याची तिसरीची पुस्तकं एका मांडवाखाली आली. ज्यांची तिसरी तेव्हा झाली त्यांना 'ठाणे जिल्हा' एवढं म्हटलं तरी तालुक्यांची यादी अजून तोंडपाठ येते. ठाणे शहर तलासरीहून शंभरावर किलोमीटर दूर. तरी ते 'जवळचं'.

याच मुलखात जवळचं कशाला म्हणायचं याचं दुसरं उत्तर कुणी तरी दिलं होतं, आणि ते डहाणू तालुक्यातच. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ सोबत होत्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडी पाड्यातल्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. पुढे सगळ्या देशाने ते नाव उचललं. अंगणवाडीच्या थोरल्या बहिणीबद्दल मात्र फार कुणी बोलत नाही. आठ-दहा वर्षांची वारली पोरं दिवसभर गुरांमागे असत, म्हणजे नेमकं तिसरी-चौथीचं वय. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले. कुरणशाळा. गुरं चरतायत, बाजूला पोरं शिकतायत. शिकवायला बिया, पानं, दगड, शंख. तिथे परिसर हा विषय वेगळा काढावाच लागला नाही, कारण शाळाच त्यात बसली होती. जिल्ह्याची हद्द गुरांना माहीत नव्हती, त्यामुळे अभ्यासक्रमातही ती आली नाही.

सरकारी पुस्तकात 'परिसर' हा शब्द पुढे आला, पण पायऱ्या जुन्याच राहिल्या. २०१४ मध्ये तिसरी-चौथीची पुस्तकं नव्याने आली. ती आधीच्यांहून खूपच बरी : प्रश्न विचारणारी, 'करून पहा' म्हणणारी, आजीआजोबांना विचारून या असं सांगणारी. पण त्या वर्षी उत्तरेकडच्या पोरांची गंमतच झाली. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा आपला जिल्हा ठाणे होता. १ ऑगस्टला पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला, आठ तालुक्यांचा. वेवजीच्या तिसरीतल्या मुलासाठी ठाणे महिन्या-दीड महिन्यात 'जवळचं' राहिलं नाही. उंबरगाव तर आधीपासूनच नव्हतं.

वेवजीकर हद्दीवरून हल्लीही भांडले आहेत. सोळसुंब्याच्या ग्रामपंचायतीने दिव्याचे खांब वेवजीच्या हद्दीत रोवल्याची तक्रार झाली, सीमा मोजून द्या अशी मागणी झाली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. मोठ्या माणसांनाच रेघ नक्की कुठे आहे ते मोजून घ्यावं लागतं. 'दिशा व नकाशा' शिकवताना इथल्या गुरुजींनी वर्गाला बाहेर काढून हे खांब दाखवावेत, असा धडा कुठल्याही पुस्तकात नाही. असता तर चौथीपर्यंत थांबायची गरजही पडली नसती. राज्य म्हणजे काय ते तिसरीतच कळलं असतं.

भाषेचंही तेच. घरी वारली किंवा धोडिया, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, कारखान्याच्या फाटकावर हिंदी. पहिलीपासून हिंदी आणण्याचे शासन निर्णय एप्रिल आणि जून २०२५ मध्ये निघाले, २९ जूनला दोन्ही मागे घेतले गेले. मुंबई-पुण्यात त्यावर रान पेटलं, आणि ते योग्यच होतं. पण तिसरी भाषा कितवीपासून, या वादात इथल्या पोराची गणतीच नव्हती. त्याच्या कानावर चौथी भाषा शाळेत जाण्याआधीच पडलेली असते.

२०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत विभागली गेली. दप्तर हलकं व्हावं म्हणून सगळे विषय एका भागात, आणि पाठांच्या जोडीला नोंदींसाठी कोरी पानं. तिसरीच्या पहिल्या भागात वर्षाच्या सुरुवातीचे सगळ्या विषयांचे पाठ एकत्र आले. या कोऱ्या पानांची खूप थट्टा झाली. कागद वाया, छपाईचा खर्च, मुलं रेघोट्या ओढतात. जानेवारी २०२५ मध्ये ती रद्द झाली. थट्टेत तथ्य होतंच, बऱ्याच ठिकाणी ती पानं कोरीच राहिली. तरी 'आपल्या गावाची ओळख' या पाठालगत कोरी जागा असणं ही अख्ख्या पावणेदोनशे वर्षांतली पहिली सोय होती, जिथे वेवजीचं पोर छापील जिल्ह्याला वळसा घालून सरळ उंबरगाव रोडचं स्टेशन काढू शकलं असतं. आता त्यासाठी त्याला स्वतःची वही घ्यावी लागेल.