‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ : कादंबरी आणि चित्रपट

जॉन ल कारे (मूळ नाव डेव्हिड कॉर्नवेल) यांची ही हेरकथा १९६३ साली प्रसिद्ध झाली. लेखक तेव्हा स्वतः ब्रिटिश हेरखात्यात होते आणि बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम दोन वर्षे झाली होती. मार्टिन रिट यांनी १९६५ मध्ये तिच्यावर कृष्णधवल चित्रपट काढला. नायकाची भूमिका रिचर्ड बर्टन यांनी केली.

बर्लिनमधील हस्तक एकामागून एक मारले गेल्यावर अ‍ॅलेक लीमस लंडनला परततो. मद्यपी व कंगाल झाल्याचे सोंग घेऊन तो शत्रूच्या गळाला लागतो. पूर्व जर्मन हेरखात्यातील मुंट याला फितूर ठरवणे, हे त्याला सोपवलेले काम. प्रत्यक्षात मुंट हा ब्रिटिशांचाच माणूस असतो. त्याच्यावर संशय घेणारा फीडलर हेच खरे सावज.

चित्रपट कथानकाशी बराच प्रामाणिक आहे. तरी काही भेद अर्थपूर्ण आहेत. कादंबरीतील लिझ गोल्ड पडद्यावर नॅन पेरी होते. बर्टन यांच्या पत्नी एलिझाबेथ टेलर ‘लिझ’ म्हणूनच प्रसिद्ध असल्याने हा बदल झाल्याचे सांगितले जाते. मात्र नावासोबत एक धागाही पुसट झाला. लिझ आणि फीडलर दोघेही ज्यू, तर मुंट जुना नाझी. आपल्या सोयीसाठी ब्रिटिश खाते नाझीला वाचवते आणि दोन ज्यूंचा बळी देते, ही कादंबरीतील सर्वांत बोचरी गोष्ट. साम्यवादी पक्षावर भाबडा विश्वास ठेवणाऱ्या लिझच्या मनात कादंबरी शिरते. चित्रपट मुख्यतः लीमसच्या चेहऱ्यावर खिळून राहतो. मोठ्या वाहनांमध्ये चिरडू पाहणारी छोटी मोटार आणि तिच्यातून हात हलवणारी मुले, ही प्रतिमा कादंबरीत लीमसला छळते.

उलट, चित्रपटाची एक भर मिस्कील आहे. बाँडपटांत हेरप्रमुख ‘एम’ साकारणारे बर्नार्ड ली येथे लीमसच्या हातून मार खाणारे वाणी झाले आहेत.

शेवट दोन्हीकडे एकच. प्रेयसीला गोळी लागल्यावर, सुटका हाताशी असताना लीमस भिंतीवरून पूर्वेच्या बाजूलाच खाली उतरतो. ज्यांनी त्याला वापरले, त्यांच्याकडे परतणे तो नाकारतो.