पर्यटन कॅरव्हॅनमधील गॅस रेग्युलेटरचे बिघाड

मोटारीमागे ओढून नेल्या जाणाऱ्या राहत्या गाडीला पर्यटन कॅरव्हॅन म्हणतात. या गाडीतील शेगडी, फ्रीज, पाणी तापवण्याचे यंत्र व उष्णक द्रवरूप पेट्रोलियम वायूवर (एलपीजी) चालतात. सिलिंडरमधील जास्त दाबाचा वायू रेग्युलेटरमधून कमी व स्थिर दाबाने या उपकरणांना पुरवला जातो. रेग्युलेटरमध्ये तेलकट अवशेष साचल्यामुळे किंवा त्याचे भाग झिजल्यामुळे हा पुरवठा बिघडतो. ब्रिटनमध्ये २००३ नंतरच्या कॅरव्हॅनमध्ये अशा तक्रारी विशेषत्वाने पुढे आल्या.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये पूर्वी ब्यूटेनसाठी २८ मिलिबार आणि प्रोपेनसाठी ३७ मिलिबार दाबाचे वेगवेगळे रेग्युलेटर वापरले जात. ते थेट सिलिंडरवर बसवलेले असत आणि त्यांच्यापुढील रबरी नळीतून कमी दाबाचा वायू जाई. युरोपीय मानक ईएन १९४९ नुसार पुढे दोन्ही वायूंसाठी ३० मिलिबारचा एकच दाब स्वीकारण्यात आला. ब्रिटनमध्ये २००४ च्या मॉडेलपासून रेग्युलेटर सिलिंडरच्या कप्प्याच्या भिंतीवर कायमचा बसवला जाऊ लागला. त्यामुळे सिलिंडर व रेग्युलेटर यांना जोडणाऱ्या नळीतून सिलिंडरच्या पूर्ण दाबाचा वायू वाहू लागला. प्रोपेनच्या बाबतीत १५° से. तापमानाला हा दाब सुमारे ६ ते ७ बार असतो.

कार्यपद्धती

रेग्युलेटरमध्ये एक लवचीक पडदा, स्प्रिंग व झडप असते. बाहेर जाणाऱ्या वायूचा दाब वाढला की पडदा उचलला जाऊन झडप मिटते. दाब घटला की ती उघडते. पडद्याच्या वरच्या बाजूस हवेसाठी एक बारीक छिद्र असते. ते पाण्याने, बर्फाने वा धुळीने बुजल्यास पडद्याची हालचाल अडते आणि दाब अनियमित होतो.

अवशेष साचण्याची कारणे

रबरी नळी लवचीक राहावी म्हणून रबरात प्लॅस्टिसायझर मिसळलेले असतात. नळी सिलिंडरपेक्षा थंड पडल्यास वायूचा काही अंश तिच्यात द्रवरूप होतो. हा द्रव नळीतील प्लॅस्टिसायझर विरघळवून घेतो. द्रवाची पुन्हा वाफ झाल्यावर प्लॅस्टिसायझर तेलकट थराच्या रूपाने मागे उरतात. रेग्युलेटर सिलिंडरच्या झडपेपेक्षा खालच्या पातळीवर असल्यास हे तेल उताराने त्यात उतरते. वायूमध्ये मूळचेच असलेले जड हायड्रोकार्बन हेही अवशेषांचे एक कारण असू शकते. सिलिंडर आडवा ठेवल्यास द्रव वायूच थेट रेग्युलेटरमध्ये शिरण्याचा धोका असतो.

लक्षणे व धोके

अवशेषांमुळे वायूचा मार्ग अरुंद झाल्यास दाब घटतो. अशा वेळी एक बर्नर नीट जळतो, पण दुसरे उपकरण सुरू करताच ज्योत मंदावते. ज्योत विझल्यास सुरक्षा यंत्रणा वायू बंद करते. याउलट झडपेच्या बैठकीवर मळ बसून ती पूर्ण मिटली नाही, तर उपकरणे बंद असताना दाब वाढत राहतो. जादा दाबाने ज्वलन अपूर्ण होऊन पिवळी ज्योत, काजळी आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड निर्माण होऊ शकतात. कॅरव्हॅनची जागा लहान व बंदिस्त असल्याने हा वायू झोपलेल्या माणसांसाठी प्राणघातक ठरतो. गळती झालेला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्यासाठी कॅरव्हॅनच्या तळाला निकासाची छिद्रे ठेवलेली असतात.

प्रत्येक मंद ज्योत म्हणजे रेग्युलेटरचा बिघाड नव्हे. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू सुमारे −०.५° से. असल्याने कडक थंडीत त्याची वाफ पुरेशी होत नाही. प्रोपेनचा उत्कलनबिंदू −४२° से. असल्याने हिवाळ्यात तो वापरला जातो.

प्रतिबंध

रेग्युलेटर सिलिंडरच्या झडपेपेक्षा वर बसवणे आणि नळीला सिलिंडरकडे उतार ठेवणे हा मुख्य उपाय होय. त्यामुळे नळीतील द्रव सिलिंडरकडे परत जातो. रबरी नळीऐवजी पोलादी लवचीक नळी किंवा रेग्युलेटरच्या आधी गाळणी बसवली जाते. नळीवर छापलेले उत्पादनाचे वर्ष तपासून ती मुदतीत बदलावी लागते. तेल साचलेला रेग्युलेटर उघडून साफ न करता बदलला जातो. मात्र नळी तशीच राहिल्यास नवा रेग्युलेटरही पुन्हा बिघडतो. जुन्या कॅरव्हॅनमध्ये नवा रेग्युलेटर बसवताना उपकरणांवर नोंदवलेला दाब जुळणे आवश्यक असते. ब्रिटनमध्ये हे काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाकडून करून घेण्याचा सल्ला दिला जातो. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवणे हा अतिरिक्त उपाय असून तो नियमित तपासणीला पर्याय ठरत नाही.