एका सनदेत अनेक नावे

संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या एकाच प्रमाणपत्रावर आज अनेक नावे निर्वेधपणे नोंदवता येतात. परंतु ही वहिवाट कोणा दूरदर्शी योजनेतून पडली नसून क्रमाच्या एका अडचणीने ती पाडली.

नेटस्केप कंपनीने १९९५ च्या सुमारास एसएसएल ही गुप्त संभाषणाची पद्धत प्रचारात आणली. पुढे १९९७ मध्ये एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीने ब्राउझरला मागणीबरोबर संकेतस्थळाचे नाव सांगण्याची सक्ती केली आणि त्यायोगे एका आयपी पत्त्यावर शेकडो स्थळे राहू शकली. मात्र हे नाव उच्चारले जाई ते गुप्त जोडणी सिद्ध झाल्यावर, आणि प्रमाणपत्र दाखवावे लागे ते त्याआधी. म्हणजे वाड्यातील कोणत्या बिऱ्हाडाकडे पाहुणा आला हे कळण्यापूर्वीच देवडीवरच्या दरवानाने त्या बिऱ्हाडाची सनद पुढे करावी, असा हा पेच होता. साहजिकच प्रत्येक सुरक्षित स्थळाला स्वतंत्र पत्ता घ्यावा लागे, आणि आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे पत्ते तर जगभर मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपलाच.

उपाय दप्तरात आधीच होता. प्रमाणपत्रांच्या एक्स.५०९ या मानकाच्या तिसऱ्या आवृत्तीत १९९६ साली धारकाच्या पर्यायी नावांचा रकाना आला होता, आणि तो भरलेला असल्यास त्यातीलच नाव प्रमाण मानावे, असा दंडक मे २००० च्या आरएफसी २८१८ ने घातला. जोडणीच्या प्रारंभीच नाव कळवण्याची एसएनआय ही तरतूद २००३ मध्ये झाली खरी, पण विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला ती कधीच अवगत झाली नाही, आणि असे वापरकर्ते बहुसंख्य होते तोवर चालकांना त्या रकान्याचाच आश्रय उरला. एक्स्चेंज २००७ या टपालव्यवस्थेला एकाच सर्व्हरची अनेक नावे लागत, त्यामुळे अशा प्रमाणपत्रांना मोठी मागणी आली.

परस्परांशी सुतराम संबंध नसलेल्या ग्राहकांची नावे एकाच प्रमाणपत्रावर गोवण्याची जी रीत काही सेवादारांनी पुढे पाडली, तिच्याविषयी मला मनापासून चिंता वाटते. कारण नावे अनेक असली तरी गुप्त किल्ली एकच असते, ती फुटली की सर्वांचीच इभ्रत जाते, आणि एक नाव वगळायचे तरी सगळे प्रमाणपत्र नव्याने करून घ्यावे लागते.

डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने शंभरापर्यंत नावांची प्रमाणपत्रे सर्वांना विनामूल्य खुली केली. २०१७ मध्ये क्रोमच्या ५८ व्या आवृत्तीने मुख्य नावाचा जुना रकाना वाचणेच सोडले, तेव्हापासून एकट्या नावालाही पर्यायी नावांच्याच रकान्यात जागा घ्यावी लागते.