ट्रॅक्टरचं टोचन आणि आमची यात्रा



आज खत-पाण्याचं काही नाही. चार दिवसांपूर्वी यात्रा कमिटीची पोरं घरी आली होती. ओढ्याकडचा माझा एकराचा तुकडा खोडवा मोडून मोकळा पडलाय, तो त्यांना यात्रेत एक दिवस पाहिजे. कशाला, तर ट्रॅक्टर टोचन स्पर्धेला. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून उभे करायचे, मधे साखळी, आणि जो दुसऱ्याला रेषेपलीकडं ओढून नेईल त्याचा नंबर. पुतण्यानं मोबाईलवर पंजाबातले व्हिडिओ दाखवले. "तात्या, आपला पन्नास एचपीचा हाय, पहिला नंबर आपलाच." मी चहा पाजला आणि दोन दिवसांनी सांगतो म्हटलं.

टोचन हा शब्द आपल्याकडं ड्रायव्हर लोकांनी आणला. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढणे म्हणजे टोचन. इंग्रजी टो-चेन घासून घासून झाला असावा असं मला वाटतं. म्हणजे मूळ शब्द अडलेल्याला मदत करण्याचा. त्याची कुस्ती नंतर झाली.

ओढण्याची स्पर्धा मात्र जुनी आहे. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांत आधी घोड्यांच्या जोड्यांची ओढ लागायची. लाकडी घसरगाडं जमिनीवरून ओढायचं, त्यावर दगड नाहीतर माणसं. १९२९ मध्ये ओहायो आणि मिझुरी राज्यांत घोड्याच्या जागी ट्रॅक्टर आला. तेव्हाची पद्धत अशी : वाटेत ठराविक अंतरावर माणसं उभी राहायची आणि गाडं समोर आलं की एकेक जण चालत्या गाड्यावर चढायचा. वजन वाढत जायचं आणि कुठंतरी ट्रॅक्टर अडायचा. जोवर ट्रॅक्टर बैलाच्या चालीनं चालत होता तोवर हे निभावलं. इंजिनं वाढली, वेग वाढला, तशी पळत्या गाड्यावर उडी मारणारी माणसं पडायला लागली. १९६९ मध्ये तिथल्या आठ राज्यांतल्या लोकांनी मिळून राष्ट्रीय संघटना काढली आणि नियम एक केले. त्याच सुमारास माणसांच्या जागी यंत्राचं गाडं आलं. त्यात वजनाची पेटी मागून पुढं सरकते, तसं गाडं जमिनीत रुतत जातं. ३०० फूट ओढलं म्हणजे पूर्ण ओढ.

इथं एक गोष्ट बघा. तिथं ट्रॅक्टरला समोर दुसरा ट्रॅक्टर नाही, गाडं आहे. ट्रॅक्टर उलटू नये म्हणून मागं लोखंडी दांडे सक्तीचे. हुकाची उंची ठरलेली. इंजिन बंद करणारी दोरी गाड्याला बांधलेली, म्हणजे हूक तुटून ट्रॅक्टर सुटला तर इंजिन आपोआप बंद. यातला एकेक नियम कुणाच्या तरी हातापायाच्या किमतीवर आलेला असणार. आपण व्हिडिओतून खेळ उचलला आणि नियम तिथंच ठेवले.

ट्रॅक्टर मागं उलटतो कसा, हे ऊसवाल्यांना सांगायला नको. पावसानंतर फडात दोन ट्रॉल्या रुतल्या की पुढची चाकं उचलतात आणि आपली पोरं दात काढत बंपरवर वजनाला बसतात. मागची चाकं फिरायची थांबली की इंजिनाची ताकद जाणार कुठं? मग चाकाऐवजी ट्रॅक्टरचं धूडच मागच्या ॲक्सलभोवती फिरायला बघतं. साखळी ड्रॉबारला खाली असेल तर ओढ नाक दाबायला मदत करते. टॉप लिंकला किंवा ॲक्सलच्या वर कुठंही बांधली की तीच ओढ ट्रॅक्टरला मागं पाडते. पूर्ण उलटायला दीड सेकंदाच्या आसपास लागतो, आणि त्यातला निम्मा संपला की क्लच दाबूनही उपयोग नाही. स्पर्धेत तर क्लच झटक्यात सोडणं हेच कौशल्य समजतात. स्वीडननं १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरला ड्रायव्हरच्या डोक्यावर लोखंडी चौकट सक्तीची केली आणि तिथलं मरण्याचं प्रमाण उतरलं. आपल्याकडं बहुतेकांच्या डोक्यावर उन्हासाठी ताडपत्री असते.

पण मला जास्त भीती साखळीची आणि दोराची. यंत्र सोडा, नुसत्या माणसांनी ओढलेल्या दोरानं काय केलंय ते ऐका. जून १९७८ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या हॅरिसबर्गजवळ सुमारे २,३०० शाळकरी पोरं विक्रमासाठी रस्सीखेच करत होती. नायलॉनचा दोर तुटला. दीडशे-दोनशेच्या घरात पोरं जखमी झाली, काहींची बोटं गेली. २५ ऑक्टोबर १९९७ला तैवानच्या तैपेईमध्ये सोळाशेच्या वर माणसं दोराला लागली होती. दोराची ताकद २६ टनांची, ओढ पडली ८० टनांवर. दोर तुटला आणि दोघांचे डावे हात खांद्याखाली तुटले. डॉक्टरांनी पुढं ते जोडले. नायलॉन ताणला की रबरासारखी ताकद साठवतो आणि तुटला की सगळी एकदम परत देतो. त्याच्या टोकाला लोखंडी हूक असेल तर तो बंदुकीच्या गोळीसारखाच.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. २००९च्या गळीत हंगामात आमच्याच फडात एक ट्रॅक्टर रुतला होता. दुसरा लावला, वायर रोप बांधला. रोप जुना, दोन ठिकाणी तारा फुटलेल्या. मला दिसल्या होत्या. एवढ्यानं काय होतंय म्हणून मीच ड्रायव्हरला हात केला. रोप तुटला आणि बाजूला उभ्या असलेल्या टोळीतल्या पोराच्या नडगीवर बसला. हाड दोन जागी मोडलं. वय अठरा. खर्च आम्ही केला, पण त्याचा हंगाम गेला आणि पाय पुढं सरळ झाला नाही. पुढच्या वर्षी टोळी आली, तो आला नाही.

पंजाबात हे प्रकरण आपल्या आधी पोहोचलं. किला रायपूरचे ग्रामीण खेळ १९३३ पासून चालत आलेले. तशा मेळ्यांमध्ये मागून ट्रॅक्टर शिरले, टोचनचे मुकाबले आणि कसरती सुरू झाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुरदासपूर जिल्ह्यात कसरत करणारा तरुण आपल्याच ट्रॅक्टरखाली सापडून गेला. दोन दिवसांत तिथल्या सरकारनं ट्रॅक्टरच्या कसरतींवर बंदी घातली.

आपल्याकडं बैलगाडा शर्यतीसाठी २०१४ पासून कोर्टात भांडावं लागलं. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्याचा कायदा मान्य केला, तोही बैलाला पशुवैद्यकाचा दाखला आणि काठी-चाबकाला बंदी अशा अटींवर. बैलासाठी एवढं लिहिलं गेलं हे चांगलंच झालं. पण साखळीशेजारी उभं राहणाऱ्या पोरासाठी कोण लिहिणार?

आणि या खेळातून ट्रॅक्टरचं काही कळतं असंही नाही. पाठीला पाठ लावल्यावर जिंकतो तो बहुधा जड ट्रॅक्टर, किंवा ज्यानं टायरात पाणी भरलंय तो. ओढ मोजायची तर ती मोजता येते. अमेरिकेत नेब्रास्काच्या एका शेतकरी आमदाराला कंपन्यांच्या जाहिरातीतले ट्रॅक्टर शेतात नापास झाल्याचा अनुभव आला, त्यातून १९१९ मध्ये तिथं चाचणीचा कायदा झाला. आपल्याकडं मध्य प्रदेशात बुदनीला सरकारी चाचणी होते, तिच्या अहवालात ड्रॉबारची ओढ लिहिलेली असते.

काल पोरं परत आली. रान देणार नाही असं सांगितलं. तोंडं उतरली. "मग आम्ही गायरानात घेऊ," एक जण म्हणाला. घेतील, मला माहीत आहे. म्हणून दुसरं सुचवलं : रान देतो, पण टोचन नाही, रिव्हर्समध्ये ट्रॉली लावायची स्पर्धा घ्या. डबल ट्रॉली मागं घेऊन दोन खुंट्यांमधे बसवायची. त्याला कसब लागतं, बायाबापड्या बघायला येतात, आणि पहिलं बक्षीस पाच हजार माझ्याकडून. कमिटी गुरुवारी बसणार आहे.

पुतण्या जाताना म्हणाला, "तात्या, रिव्हर्समधे आपला नंबर येत नसतोय." मी म्हटलं, उद्यापासून रोज संध्याकाळी अर्धा तास ओढ्याकडं ये, खुंट्या मी ठोकतो.

फडात रुतलेलं काढावंच लागतं, त्यांच्यासाठी एवढंच : तार फुटलेला रोप भंगारात घाला. साखळी ड्रॉबारलाच लावा. रोपावर मधोमध ओली पोती टाका, तुटला तर झटका मरतो. रोपाच्या लांबीच्या दीडपट अंतरात ड्रायव्हरशिवाय कुणी नको. टोळीतली पोरं तर आधी बांधावर घालवा, मगच हात करा.